नापास होण्याची शिकवणी

डोक्याला मार लागल्यानंतर तीन दिवसांत डावीची स्मरणशक्ती दोन गुणांनी सुधारली. हे घरातल्या कुणाचं मत नव्हतं. क्लबच्या डॉक्टरांनी तसं सहीशिक्क्यानिशी लिहून दिलं होतं. हंगाम सुरू होण्याआधी, डोकं शाबूत असताना, शंभरापैकी बासष्ट. आज शनिवारी सकाळी, बुधवारचं टेंगूळ अजून कानामागे असताना, चौसष्ट. खाली शेरा: ‘तुलनेत घट नाही. उद्याचा सामना खेळण्यास हरकत नाही.’

कागद चष्म्याच्या दुकानात काउंटरवर पडला होता. शनिवारी दुकान दोनला बंद होतं, पण आठवड्याभराच्या राहिलेल्या काचा फ्रेममध्ये बसवल्याशिवाय डावीची आई वर घरी जात नाही. त्यामुळे शनिवारी दुपारी तिच्याशी ज्याला बोलायचं असेल त्याला खाली यावं लागतं. आज सगळेच आले होते. शटर अर्धं ओढलेलं होतं. डोळे तपासायच्या उंच खुर्चीत कॅप्टन बसले होते, कारण दुकानात तीच एक खुर्ची त्यांना आपल्या लायकीची वाटे. आईचे यजमान, म्हणजे कॅप्टनचे धाकटे भाऊ आणि डावीच्या टीमचे कोच, आरशाला पाठ टेकून उभे होते. दाराजवळच्या अरुंद बाकावर राखीव बसले होते. हे कॅप्टनच्या जुन्या टीमचे कायमचे राखीव खेळाडू आणि त्यांच्या दिवंगत बहिणीचे यजमान. बहीण जाऊन दोन वर्षं झाली, पण शनिवारी सासुरवाडीला यायचा त्यांचा नेम चुकला नव्हता.

आणि काउंटरच्या आतल्या बाजूला, स्टुलावर, ट्यूबलाइटकडे पाठ करून डावी; फुटबॉलमध्ये डावीकडून खेळते म्हणून घरातही हेच नाव. डोळ्यांवर काळा गॉगल. दुकानाच्या मालातला, लेबलसकट.

“बासष्टाचे चौसष्ट,” आई कागद लांब धरून म्हणाली. “मग सगळ्या टीमची डोकी एकेकदा आपटून आणा ना. वर्षअखेरीपर्यंत प्राध्यापिका होतील.”

“अगं, ती तुलना असते,” कोच म्हणाले. “आधीची परीक्षा आणि मार लागल्यानंतरची परीक्षा. दुसरीत मार्क कमी पडले तर खेळायचं नाही. पडले नाहीत. झालं.”

“पण मुळात बासष्टच का? ही मुलगी गिऱ्हाइकांचे नंबर मला तोंडपाठ सांगते. गेल्या वर्षी कोण आलं, उजव्या डोळ्याला किती, डाव्याला किती. हिला बासष्ट?”

कोचनी वळून आरशातल्या स्वतःकडे पाहिलं. राखीवांनी रस्त्याकडे पाहिलं. डावीने कुठे पाहिलं ते गॉगलमुळे कळलं नाही. उरले कॅप्टन, आणि कॅप्टन अभिमानाची गोष्ट लपवून ठेवणाऱ्यांपैकी नव्हते.

“ती माझी शिकवणी,” ते म्हणाले.

शिकवणीची हकीकत अशी. क्लबने चार वर्षांपूर्वी ही परीक्षा सुरू केली तेव्हा कॅप्टननी ती एकदा दाराआडून ऐकली आणि त्यांच्या लक्षात आलं की यात एकच कच्चा दुवा आहे: पहिली परीक्षा. तीच वाईट दिली की दुसरीत माणूस कधीच पकडला जात नाही. पण वाईट परीक्षा देणं सोपं नसतं. फारच वाईट दिली तर डॉक्टरला संशय येतो. म्हणून दर हंगामाआधी आठ दिवस, वरच्या मजल्यावर जेवणाच्या टेबलाशी, कॅप्टन टीमच्या मुलींना माफक नापास व्हायला शिकवत. दहा शब्द ऐकवले की पाच सांगायचे. सहावा आठवला तरी गिळायचा. आकडे उलटे म्हणताना चौथ्याला अडखळायचं. महिने उलटे म्हणताना एक महिना खायचा, दरवर्षी निराळा. एका पायावर उभं राहताना अकराव्या सेकंदाला दुसरा पाय टेकवायचा आणि स्वतःवरच चिडल्यासारखं दाखवायचं. हे शेवटचं जमायला सगळ्यांत जास्त वेळ लागे. मुली एका पायावर तासभर उभ्या राहू शकत.

“म्हणजे मी खाली गिऱ्हाइकांना चांगलं दिसावं म्हणून राबत होते,” आई म्हणाली, “आणि वर तुम्ही माझ्या टेबलावर पोरींना आंधळं व्हायला शिकवत होतात.”

“आंधळं कुठे? सावध.” कॅप्टन खुर्चीत पुढे सरकले. “वहिनी, तुम्ही खेळाला नवीन आहात.”

“सव्वीस वर्षं झाली मला या घरात येऊन.”

“तेच म्हणतोय.”

आईने हातातला स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला. “एक ड्रायव्हर यायचा माझ्याकडे. मोठी गाडी चालवायचा. लायसन्ससाठी डोळ्यांचा दाखला हवा. तक्ता धडाधडा वाचला, खालची बारीक ओळसुद्धा. मी तक्ता फिरवला. मागच्या बाजूला दुसरी अक्षरं आहेत. त्याने तेवढ्याच धडाडीने पहिलीच अक्षरं पुन्हा वाचली. मी दाखला दिला नाही. पाया पडला, मुलांची शपथ घातली, नाही दिला.” तिने डॉक्टरांचा कागद पालथा घातला. “तुम्ही सगळ्यांनी मिळून त्याला दाखला दिलात.”

कोचनी आरशाला पाठ आणखी घट्ट टेकली. बोलण्यासारखं त्यांच्याकडे होतं.

कोच गेले तीन दिवस एक गोष्ट आतल्या आत फिरवत होते. बुधवारी सेमीफायनलमध्ये डावी कॉर्नरवर हेडरला उडाली आणि समोरच्या गोलकीपरचा गुडघा तिच्या कानामागे बसला. आवाज बेंचपर्यंत आला होता, दार लागल्यासारखा. ती पडली. कोच मैदानात धावले, आणि पोचेपर्यंत ती उठून उभी होती, अंगठा वर करून. या घरात बदली होऊन कुणी बाहेर येत नाही. कॅप्टन तुटलेल्या जबड्याने चाळीस मिनिटं खेळले होते. घरात ती हकीकत आठवड्यातून एकदा येते. खुद्द कोचनी दोन मोडक्या बोटांनी गोल राखला होता. पोरीने अंगठा दाखवला तेव्हा त्यांना आधी अभिमान वाटला आणि मग भीती वाटली, आणि दोन्हींत अंतर इतकं कमी होतं की त्यांनी फक्त पहिलं धरलं आणि पंचाला ‘ठीक आहे’ म्हणून सांगितलं.

परतीच्या बसमध्ये ती त्यांच्या शेजारी बसली होती. “बाबा, कितीने जिंकलो?” तिने विचारलं. दोन-एक, त्यांनी सांगितलं. पुलाच्या अलीकडे तिने पुन्हा विचारलं. पुलाच्या पलीकडे, पुन्हा.

हे त्यांनी कुणालाही सांगितलं नव्हतं. उद्या चार वाजता फायनल होती. मोठ्या क्लबचे लोक मिडफिल्डमधली एक मुलगी बघायला येणार होते, आणि ती एक मुलगी डावी होती. डावी चोविसाची. पुढच्या वर्षी ते विसाची बघायला येतील. शिवाय डॉक्टरांना खरं सांगायचं तर सगळंच सांगावं लागेल: टीममधल्या बावीसच्या बावीस मुलींचे मार्क कॅप्टनच्या टेबलावर शिजलेले आहेत, आणि ते शिजताना कोच स्वतः चहा करून देत होते.

“डॉक्टर शिकलेला माणूस आहे,” ते म्हणाले. “त्याने सही केलीय. आपण त्याच्यापेक्षा शहाणे नको व्हायला.”

“तुम्ही त्याला मूर्ख बनवायचं आणि मग म्हणायचं, तो शहाणा आहे,” आई म्हणाली. “हे चांगलं आहे.”

“आई, मी बरी आहे,” स्टुलावरून डावी म्हणाली.

“गॉगल काढ मग.”

“ऊन आहे.”

“दुकानात?”

डावीने गॉगल काढला. दोन-तीन सेकंद तिने डोळे उघडे ठेवले. कुणी मोजत असल्यासारखे ठेवले. मग काउंटरवरचं काही शोधायचं आहे असं दाखवून मान खाली घातली. आई डोळे बघून पोट भरणारी बाई होती. तिने उठून ट्यूबलाइट बंद केली.

“आपण परीक्षा घेऊ,” ती म्हणाली. “इथे, आत्ता. खरी. डॉक्टर नाही, शिक्का नाही. दहा शब्द मी लिहिते. तू जेवढे आठवतील तेवढे सगळे सांगायचे. काही गिळायचं नाही. आठ-नऊ आले तर उद्या खेळ, मी टाळ्या वाजवायला येईन. नाही आले तर तूच डॉक्टरांना फोन करायचा.”

“चालेल,” डावी म्हणाली. तिला खरोखरच चालणार होतं. दहा शब्द म्हणजे काय होतं.

आईने बिलाच्या पाठीमागे शब्द लिहिले आणि एकेक सेकंद थांबत वाचले. चमचा. टेकडी. साबण. घोडा. खिडकी. लोणी. पिशवी. कुलूप. नदी. दोरी. मग घड्याळ लावून पाच मिनिटं इतर गप्पा मारायच्या होत्या, पण या कुटुंबाला इतर गप्पा नव्हत्या. राखीवांनी समोरच्या लॉण्ड्रीवाल्याच्या नव्या इस्त्रीविषयी चार वाक्यं सांगितली. सगळ्यांनी ती इतक्या लक्षपूर्वक ऐकली की लॉण्ड्रीवाल्याला भरून आलं असतं.

“सांग,” आई म्हणाली.

“चमचा, टेकडी, साबण.” डावी सरळ बसली. “घोडा. दोरी.”

ती थांबली.

आता तिच्या डोक्यात काय झालं ते फक्त तिलाच दिसत होतं, आणि तिलाही नीट दिसत नव्हतं. पाच झाले की थांबायचं, ही चार वर्षांची सवय. सहावा शब्द जिभेवर येतो, गोल, गुळगुळीत, आणि तो गिळायचा. दरवर्षी तो गिळताना तिला हसू यायचं. आज तिने गिळायला घेतला आणि तोंडात काही नव्हतं. खिडकीच्या जागी काही नव्हतं. की होतं, आणि तिने सवयीने आधीच गिळलं होतं? तिने मागे जाऊन बघितलं. चमचा, टेकडी, साबण, घोडा. त्यानंतर एक पांढरा भाग, आणि त्याच्या पलीकडे दोरी.

“पाच,” आई म्हणाली. “अजून?”

“थांब ना.”

“थांबलेय.”

“मला कळत नाहीये,” डावी म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदाच लहान झाला. “मला आठवत नाहीये की मी आठवू देत नाहीये, तेच कळत नाहीये.”

“बघा.” कॅप्टननी मांडीवर थाप मारली. “ही शिकवणी आहे. मुरलीय पोरीच्या अंगात. याचा मार लागण्याशी काही संबंध नाही. वहिनी, तुमची परीक्षाच फुकट. मला विचारलंत तर मीही पाचच सांगेन.”

“सांगा,” आई म्हणाली.

“काय?”

“शब्द. तुम्हीही ऐकलेत. सांगा.”

कॅप्टन हसले आणि खुर्चीच्या हातांवर हात ठेवून, फोटोला बसल्यासारखे बसले. “चमचा,” ते म्हणाले. “घोडा.”

मग त्यांनी शर्टाच्या खिशाला हात लावला आणि काढून घेतला.

कॅप्टन एकसष्टाचे होते, आणि गेली तीन-चार वर्षं ही शिकवणी त्यांना इतरांपेक्षा जास्त उपयोगी पडली होती. नाव आठवलं नाही की डोळे बारीक करून म्हणायचं, ‘ओळख पाहू, मी तुला काय म्हणायचो?’ मग समोरचा खुश होऊन आपलं नाव आपणच सांगतो. ठरलेल्या वेळी गेलो नाही तर ‘मुद्दाम नाही आलो, तुम्ही वाट बघता का ते बघत होतो.’ शर्टाच्या खिशात चिठ्ठ्या असत. लोकांना वाटे, मॅचचे डावपेच. पंधरा दिवसांपूर्वी एका मंगळवारी ते रंगाच्या दुकानापाशी चौकात उभे राहिले होते, कारण चारही रस्ते सारखेच ओळखीचे होते. ते पंधरा मिनिटं उभे होते. मग कुणीतरी ‘कॅप्टन, घरी निघालात का’ म्हणत त्यांच्याबरोबर चालू लागलं आणि ते त्याच्याबरोबर चालले, अर्धं पाऊल मागे राहून, वळणं त्याला घेऊ देत.

“मुद्दाम चुकवतोय,” कॅप्टन म्हणाले.

कोच आरशापासून सुटून पुढे आले.

“बरं, आता खरं सांगा, दादा,” कोच म्हणाले. “गंमत पुरे. सगळे सांगा.”

“सगळे कशाला? दिलेत की दोन.”

“दादा.”

“घोडा,” कॅप्टन म्हणाले. मग बऱ्याच वेळाने, विचारल्यासारखं, “गाडी?”

“गाडी नव्हती,” आई हळू म्हणाली. आता तिच्या आवाजात धार नव्हती. ती बिल घडी करून ठेवू लागली होती, तेवढ्यात बाकावरून राखीव बोलले. ते रस्त्याकडेच बघत होते.

“चमचा, टेकडी, साबण, घोडा, खिडकी, लोणी, पिशवी, कुलूप, नदी, दोरी.”

सगळ्यांनी वळून पाहिलं.

“मला कुणी गिळायला शिकवलं नाही,” राखीव ओशाळून म्हणाले.

“तुझं काय,” कॅप्टन म्हणाले. आपल्यावरची नजर हटली म्हणून त्यांना बरं वाटलं होतं. “तू आयुष्यात एक हेडर मारलास का? डोकं नवंकोरं आहे तुझं. पेटीतून काढलेलंच नाही.”

“मारायला आत उतरावं लागतं, कॅप्टन. अकरा वर्षं मी बूट बांधून बसलो होतो. तू पडलास की मी उठायचो, जॅकेट काढायचो, रेषेच्या कडेने गुडघे उचलत पळायचो. मग तू उठायचास. मग मी टाळ्या वाजवून जॅकेट घालायचो.”

“लागलेलं असायचं तरी उठायचो.”

“माहीत आहे ना. मी तुझ्याकडे बघण्याशिवाय दुसरं काही करतच नव्हतो.”

“आतोबा, जबड्याची मॅच तुम्ही बघितली होतीत?” डावीने विचारलं. ती कॅप्टनच्या बाजूने विचारत होती. काकाला आत्ता ती हकीकत सांगायला मिळाली तर सगळं जागेवर येईल, असं तिला वाटलं.

“बघितली.”

“जबडा तुटल्यावर काकाने गोल मारला.”

राखीवांनी कॅप्टनकडे पाहिलं. त्यात परवानगी मागितल्यासारखं काहीतरी होतं. कॅप्टननी ती दिली नाही आणि नाकारलीही नाही. त्यांना ऐकायचं होतं.

“गोल आधी मारला,” राखीव म्हणाले. “जबडा नंतर तुटला. त्यानंतरची चाळीस मिनिटं तू खेळलास, कॅप्टन, पण दोनदा बॉल त्यांच्याच माणसाला दिलास. आणि एकदा त्यांच्या गोलकीपरजवळ जाऊन विचारलंस, आपल्याला कुठल्या बाजूला गोल करायचा आहे. तो बिचारा हात करून दाखवत होता. मी रेषेवर होतो. मला ऐकू आलं.”

“मग तू बोलला का नाहीस?” कॅप्टननी विचारलं. रागाने नाही. खरंच माहीत करून घ्यायचं होतं.

“कुणाला सांगू? म्हणाले असते, याला आत यायचंय.”

“यायचं होतंच ना तुला.”

“होतंच,” राखीव म्हणाले. “म्हणून तर नाही बोललो. आणि मग लोक त्याची गोष्ट सांगायला लागले, मग तू सांगायला लागलास, मग तुझी बहीण मला मिळाली. तिच्या देखत कुठे सांगत बसू?”

कॅप्टननी आपले दोन्ही हात उलटसुलट करून पाहिले. “गोलकीपरला विचारलं मी,” ते म्हणाले. “बघ की. चांगला माणूस असला पाहिजे तो. खोटी बाजू दाखवली असती तर?”

कोचना त्या क्षणी पुलाच्या अलीकडचा आणि पलीकडचा प्रश्न एकदम आठवला, आणि ते ज्याला इतके दिवस धरून होते ते त्यांच्या हातून सुटलं.

“तू मला बसमध्ये तीनदा विचारलंस,” ते डावीला म्हणाले.

“काय?”

“कितीने जिंकलो ते. बुधवारी. तीनदा विचारलंस, मी तीनदा सांगितलं.”

“एकदा विचारलं, बाबा.”

“तीनदा. शेवटी तू म्हणालीस, अरे वा.”

डावीने आईकडे पाहिलं. आईने कोचकडे पाहिलं, आणि त्या पाहण्याचा हिशेब पुढे कितीतरी दिवस चुकता व्हायचा होता. पण आत्ता ती तिकडे गेली नाही. ती काउंटरच्या आत येऊन डावीच्या मागे उभी राहिली, फक्त उभी, हात न लावता.

“मला एकदाच आठवतंय,” डावी म्हणाली. “मग हे तर मी गिळलेलं नाही. हे मला कुणी शिकवलेलं नाही.”

“नाही,” आई म्हणाली.

“उद्या खेळले आणि काही झालं नाही तर?”

“तर काही होणार नाही.”

“आणि झालं तर?”

याचं उत्तर डोळे तपासायच्या खुर्चीत बसलेलं होतं. तिकडे कुणी पाहिलं नाही. काही न पाहण्यात या घराचा हात धरणारं कुणी नव्हतं. आज त्याचा पहिल्यांदा काही चांगला उपयोग झाला.

“ते लोक पुढच्या वर्षी येणार नाहीत, आई.”

“माहीत आहे.”

“तुला काय माहीत आहे? तुला ऑफसाइड कळत नाही अजून.”

“नाही कळत,” आई म्हणाली. “तू रड हवं तर. दुकान बंद आहे.”

डावी रडली नाही. तिने फोन उचलला, नंबर लावला आणि उभी राहिली, कारण बसून हे बोलता येईल असं तिला वाटलं नाही. डॉक्टरांना तिने सगळं सांगितलं. पाच शब्द, सहावा गिळणं, अकरावा सेकंद, बस, पूल. शिकवणी कुणाची ते तिने सांगितलं नाही. म्हणाली, आम्ही आपापसांत शिकलो. पलीकडून कागद उलटल्याचा आवाज येत राहिला.

“काय म्हणतायत?” कोचनी खुणेने विचारलं.

“कागद शोधतायत,” तिने फोनवर हात ठेवून सांगितलं. मग पुन्हा ऐकलं, तीन-चार वेळा ‘हो’ म्हणाली, एकदा ‘सॉरी’ म्हणाली आणि फोन बाबांपुढे धरला. “तुमच्याशी बोलायचंय. बाकीच्या एकवीस जणींबद्दल.”

कोचनी फोन घेतला आणि शटरखालून वाकून बाहेर फुटपाथवर गेले. काचेतून ते दिसत होते: एका हाताने कपाळ धरलेलं, मान हलतेय, पुन्हा हलतेय. सामन्याच्या मध्यंतरात पंच एखाद्याला बाजूला घेऊन बोलतो तेव्हा माणूस असा उभा असतो. ते परत आले तेव्हा थोडे बुटके वाटले.

“हिला उद्या नाही. सोमवारी दहाला तपासणीला बोलावलंय,” ते म्हणाले. “बाकीच्यांना सांगतात, फायनलनंतर परीक्षा पुन्हा. सगळ्यांची. आणि मी कमिटीपुढे. तेही सोमवारीच.”

“तुला काढतील का रे?” कॅप्टननी विचारलं.

“बघू.”

“माझं नाव सांग की. म्हणावं, म्हाताऱ्याने शिकवलं.”

“बघू, दादा.”

“सोमवारी तुम्हीही हिच्याबरोबर जा, दादा,” आई म्हणाली. तिने हे स्क्रू-ड्रायव्हर उचलता उचलता म्हटलं, सहज, जाता जाता दूध आणा म्हटल्यासारखं.

“मी कशाला? सोबत?”

“सोबत. आणि जमलं तर तुमचीही घेऊ दे परीक्षा.”

“मला काय धाड भरलीय?” कॅप्टन उठून उभे राहिले. ताठ, अजूनही रुंद खांद्यांचे. दारापर्यंत गेले. तिथे थांबले, अर्ध्या शटरपुढे, वाकायचं की शटर वर करायचं हे ठरत नसल्यासारखे.

राखीवांनी बाकावरून त्यांच्या कोपराला हात लावला आणि त्यांना शेजारी बसवून घेतलं. “काही धाड नाही भरली. मी येतो की बरोबर. आधी तू आत जा, मी बाहेर बसतो. मग मी आत जातो, तू बाहेर बस.”

“तू आत जाऊन काय करणार?”

“बघू. इतक्या वर्षांनी बोलावलं तर नाही कशाला म्हणायचं.”

कॅप्टन हसले. ते हसू खरं होतं, आणि हसताना त्यांनी राखीवांच्या मांडीवर हात ठेवला. “दहाला ना?” ते म्हणाले.

“दहाला.”

इकडे कोच यादी काढून डाव्या बाजूला कोण, ते बघत होते. तसं बघायला काही नव्हतं. एकच मुलगी होती, बेकरीत काउंटरवर काम करणारी, एकोणीस वर्षांची. हंगामभरात तिला एकूण सहा मिनिटं मिळाली होती. कोचनी नंबर लावला आणि बोलायच्या आत डावीने हात पुढे केला.

“मी सांगते.”

पलीकडे ट्रे आपटत होते. मुलीला आधी वाटलं, तिला पाण्याच्या बाटल्या घेऊन लवकर बोलावतायत. मग कळलं तेव्हा ती म्हणाली, “ताई, मी? पहिल्यापासून?”

“पहिल्यापासून. ऐक. त्यांची उजवीकडची बॅक आहे ना, उंच, ती पुढे आली की परतायला वेळ लावते. तिच्या मागे जागा असते. आणि त्यांची ती... मधली...” डावी थांबली. तिने डोळे मिटले. शब्द आला नाही. चार वर्षं अशा जागी तिने काहीतरी करून दाखवलं होतं, चिडून, हसून, खोकून. “मला आत्ता आठवत नाहीये,” ती म्हणाली. “डोकं दुखतंय. बाबा सांगतील ते रात्री.”

“बरं, ताई.” मग घाबरत, “ताई, ते लोक तुम्हाला बघायला येणार होते ना?”

“तुला बघतील.”

“मी काय करू पण?”

“खेळ. आणि लागलं तर बाहेर ये.”

पलीकडे एक ट्रे खाली ठेवल्याचा आवाज आला. “मग माझ्या जागी कोण जाईल? डावीकडे दुसरं कुणीच नाही.”

डावीने बाबांच्या हातातली यादी पाहिली. खरंच कुणी नव्हतं.

“ते तू नको बघूस,” ती म्हणाली. “तू फक्त बाहेर ये.”